आक्षेप धर्माचा असो, तो नेमका हवा आणि वेळेत हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शस्त्रक्रियागृहात तंत्रज्ञ म्हणून, म्हणजे बोलीत ओटी टेक्निशियन म्हणून काम करू पाहणाऱ्या अनेक मुलामुलींच्या मनात एक प्रश्न असतो. माझ्या धर्माला जे मान्य नाही, त्या शस्त्रक्रियेत मला उभे राहावे लागेल का? संकोचामुळे तो प्रवेशाच्या वेळी विचारला जात नाही. मग तो निघतो रात्रपाळीत, ट्रॉली लावून झाल्यावर, रुग्ण टेबलावर आल्यावर. त्या घटकेला कोणाकडेही उत्तर द्यायला सवड नसते आणि नुकसान होते ते रुग्णाचे. म्हणून हे पत्र.

आमचे मत स्पष्ट आहे. धार्मिक आक्षेप असलेला माणूस उत्तम ओटी टेक्निशियन होऊ शकतो. त्याच्या श्रद्धेची टिंगल करणाऱ्या सहकाऱ्यांचे चुकते आणि त्याला 'मग या क्षेत्रात आलासच कशाला' असे विचारणाऱ्या वरिष्ठांचेही चुकते. पण त्याचा आक्षेप मोघम असेल तर तो घातक ठरतो, आणि बहुतेक आक्षेप मोघमच असतात.

त्याचे पहिले कारण खुद्द आपल्या भाषेत आहे. 'गर्भपात' हा एकच शब्द आपण आपोआप पडलेल्या गर्भालाही वापरतो आणि ठरवून केलेल्या प्रक्रियेलाही. इंग्रजी वैद्यकीय परिभाषेतला 'अबॉर्शन' हा शब्दही तसाच दुहेरी आहे. ओटीच्या लिस्टवर 'मिस्ड अबॉर्शन' लिहिलेले असते, तेव्हा गर्भाच्या हृदयाचे ठोके आधीच थांबलेले असतात. 'इनकम्प्लीट' म्हणजे गर्भ अर्धवट पडून गेला आहे, अवशेष आत आहेत आणि रक्तस्राव चालू आहे. 'सेप्टिक' म्हणजे जंतुसंसर्ग झाला आहे. द्राक्षगर्भात तर बहुतेक वेळा गर्भच तयार झालेला नसतो, वाढलेली असते ती वारेची विकृत पेशीरचना. या चारही ठिकाणी गर्भाशय रिकामे करणे हा त्या स्त्रीवरचा उपचार आहे. लिस्टवरचा शब्द वाचून 'मी या केसला येणार नाही' म्हणणारी विद्यार्थिनी ज्या गोष्टीला नकार देत असते, ती तिथे घडणारच नसते. आधीच मूल गमावलेल्या बाईच्या वाट्याला मात्र वाट पाहणे येते.

'इनएव्हिटेबल' ही एकच स्थिती खरोखर अवघड आहे. गर्भाशयाचे मुख उघडलेले असते, गर्भ टिकणार नाही हे नक्की असते, पण ठोके चालू असू शकतात. आपल्या धर्मगुरूंशी काही बोलायचे असेल तर या स्थितीबद्दल बोला, आणि रुजू होण्याआधी बोला. आयर्लंडमध्ये २०१२ साली सविता हलप्पनवार या ३१ वर्षांच्या भारतीय दंतवैद्य १७ आठवड्यांच्या गरोदर असताना नेमक्या याच अवस्थेत होत्या. ठोके चालू आहेत म्हणून गर्भाशय रिकामे केले गेले नाही, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. तिथे अडसर कायद्याच्या अर्थाचा होता, कोणा तंत्रज्ञाच्या श्रद्धेचा नव्हता. पण वाट पाहण्याची किंमत काय असते, हे त्यावरून कळते. गर्भजल फुटून गेल्यावर गर्भाशयाचे मुख उघडे राहिले, तर संसर्ग तासातासाने वाढतो.

दुसरी गफलत ट्रेची. 'मी क्युरेटिंगचा, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून साफ करण्याच्या अवजारांचा, ट्रे लावणार नाही' असे सांगणारे भेटतात. त्या ट्रेमध्ये असते काय? सिम्स स्पेक्युलम, व्हल्सेलम, गर्भाशयाची खोली मोजणारा साउंड, गर्भाशयाचे मुख रुंदावणाऱ्या हेगर डायलेटरचा संच, ओव्हम फोर्सेप्स, क्युरेट, स्पंज होल्डर आणि सक्शन करायचे असेल तर कार्मन कॅन्युला. हाच ट्रे पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या बाईच्या तपासणीला लागतो, गर्भाशयातल्या पॉलिपला लागतो आणि मिस्ड अबॉर्शनलाही. आक्षेप हेतूला असू शकतो, अवजाराला कसा असेल?

याची एक व्यावहारिक बाजूही आहे. हेगर डायलेटर लहान आकारापासून क्रमाने द्यायचे असतात. मधला आकार गाळून जाड डायलेटर हाती दिला, तर गर्भाशयमुख फाटण्याचा किंवा गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. गर्भ आणि वारेचे अवशेष सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी फॉर्मलिनमध्ये जातात, पण गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पाठवायचे असतील तर फॉर्मलिन चालत नाही. त्यात पेशी मरतात आणि त्या वाढवता येत नाहीत, म्हणून नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या द्रवात ठेवतात. वारंवार गर्भ गमावणाऱ्या जोडप्याला कारण कळण्याची संधी एका चुकीच्या बाटलीमुळे जाते. स्त्रीरोग विभागाची पोस्टिंग सरसकट टाळणाऱ्या विद्यार्थ्याला हे शिकायला मिळत नाही. पुढे बाळंतपणानंतर वार अडकून रक्तस्राव सुरू झाला की समोर तोच ट्रे येतो. गरोदरपणाच्या अखेरीस गर्भाशयाला मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्तपुरवठा असतो. अशा वेळी ट्रे ओळखीचा नसणे परवडत नाही. ट्रे शिकण्याने कोणाचाही धर्म बुडत नाही.

'सहभाग' कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावर न्यायालयांनीही बराच खल केला आहे. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यातील कलम ४ विवेकाच्या आधारे सहभाग नाकारण्याची मुभा देते. मात्र स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी किंवा तिला गंभीर, कायमची इजा होऊ नये म्हणून जे उपचार लागतात, त्यांना ही मुभा लागू नाही, असे तेच कलम सांगते. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपिली न्यायपीठाने ठरवले की गर्भपातासाठीचे शिफारसपत्र टाइप करणे म्हणजे सहभाग नव्हे. २०१४ च्या डूगन खटल्यात दोन कॅथलिक सुईणींना सांगितले गेले की प्रत्यक्ष हाताने केलेले काम नाकारता येईल, पण इतर कर्मचाऱ्यांना कामे वाटून देणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे नाकारता येणार नाही. अमेरिकेत १९७३ पासून केंद्रीय कायद्यात गर्भपात आणि नसबंदी या दोन्हींबाबत असे संरक्षण आहे. स्वीडनमध्ये असा हक्क नाही. तिथल्या दोन सुईणींच्या तक्रारी २०२० साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दाखल करून घेण्याजोग्याच मानल्या नाहीत. म्हणजे देश बदलला की रेषा सरकते. कामाला लागण्यापूर्वी आपल्या ठिकाणी ती कुठे आहे, याची लेखी विचारणा करायला हवी.

कायदा काहीही म्हणो, ओटीत कामांची उतरंड अशी दिसते. स्क्रब होऊन अवजारे हातात देणे हा थेट सहभाग. सर्क्युलेटिंग करणे, म्हणजे टेबलाबाहेर राहून साहित्य पुरवणे आणि काउंट, म्हणजे वापरलेल्या वस्तूंची मोजणी, लिहिणे, हाही थेटच. रुग्णाला टेबलावर घेणे, लिथॉटॉमी स्थितीत, म्हणजे पाय वर उचलून, बांधणे, शस्त्रक्रियेनंतर तिला शुद्धीवर येईपर्यंत सांभाळणे ही शुश्रूषा आहे आणि आमच्या मते ती कोणीही नाकारू नये. वापरलेली अवजारे धुणे, वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला लावणे, खोली स्वच्छ करणे ही कामे पुढच्या रुग्णासाठी असतात. यांतले काय करणार आणि काय नाही, हे प्रत्येक कामाचे नाव घेऊन सांगितले तरच ड्यूटी लावणाऱ्या सिस्टरला त्याचा उपयोग होतो.

आता वेळेचा प्रश्न, ज्यावर आमचा सगळ्यात जास्त भर आहे. लिस्ट बहुधा आदल्या दिवशी लागते. अदलाबदल तेव्हाच व्हायला हवी. केस सुरू झाल्यावर स्क्रब बदलणे म्हणजे नुसते एकाने गाउन काढून दुसऱ्याने घालणे नव्हे. नवी व्यक्ती हात धुऊन, गाउन-ग्लोव्हज घालून येईपर्यंत काही मिनिटे जातात. त्यानंतर जुना आणि नवा माणूस मिळून मॉप, गॉज, सुया, ब्लेड, अवजारे असे सगळे पुन्हा मोजतात. दोघांना दिसेल असे, मोठ्याने. काही मॉप पोटात असतात, काही बादलीत, एखादी सुई नीडल होल्डरमध्ये. नेमक्या याच क्षणी चूक होते. अमेरिकी सर्जन अतुल गवांदे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णाच्या शरीरात वस्तू विसरली जाण्याची जोखीम आणीबाणीच्या शस्त्रक्रियेत सुमारे नऊ पट आणि शस्त्रक्रियेत आयत्या वेळी बदल झाला तर सुमारे चौपट आढळली. आणीबाणी, आयत्या वेळचा बदल आणि त्यात स्क्रबची अदलाबदल, असे तिन्ही एकत्र येऊ देणे म्हणजे संकटाला बोलावणे.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. रुग्ण ऐकत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षा तपासणी यादीतला पहिला टप्पा भूल देण्याआधीचा आहे, तेव्हा रुग्ण पूर्ण जागा असतो. पाठीत भूल दिलेली बाई तर शेवटपर्यंत सगळे ऐकत असते. अनेक क्युरेटिंग नुसत्या गुंगीच्या औषधावर होतात. तिथे 'माझ्या धर्मात हे पाप आहे' हे वाक्य उच्चारले गेले, तर ते सर्जनआधी तिच्या कानी पडते. तिथे सुस्कारा नको, नजर फिरवणे नको. ओटीबाहेर आल्यावर कोणाची कोणती केस झाली, हे घरी किंवा प्रार्थनास्थळी सांगणे तर गोपनीयतेचा सरळ भंग आहे. तिथे श्रद्धेची सबब चालत नाही.

नसबंदीचा आक्षेप कॅथलिक विद्यार्थ्यांमध्ये विशेष दिसतो. १९६८ च्या पोपच्या पत्रकात थेट नसबंदीला मनाई आहे. काही मुस्लिम आणि इतर कुटुंबांतही कायमची नसबंदी मान्य नसते. अडचण अशी की ती बऱ्याचदा सिझेरियनला जोडून येते. गर्भाशयाचे टाके घालून झाले की नळी धरायचे दोन बॅबकॉक चिमटे, बांधायला धागा, कात्री, आणि काही मिनिटांत दोन्ही नळ्या बांधून होतात. 'तेवढ्या भागापुरता मी बाजूला होतो' हे ऐकायला सोपे वाटते. पण गर्भाशय बंद करताना एक काउंट झालेला असतो, पोट बंद करण्याआधी दुसरा व्हायचा असतो आणि तुम्ही त्या दोहोंच्या मधे माणूस बदलायला सांगत असता. त्यापेक्षा लिस्टवर सिझेरियनपुढे नसबंदी लिहिलेली दिसली की आदल्या दिवशीच ती अख्खी केस बदलून घ्यावी आणि बदल्यात सहकाऱ्याची दुसरी केस घ्यावी. कर्करोगासाठी गर्भाशय किंवा बीजकोश काढणे ही नसबंदी नव्हे. पुढे मूल होणार नाही हा तिथला परिणाम आहे, हेतू नाही. हा भेद कॅथलिक नीतिशास्त्रानेच केलेला आहे. नळीतला गर्भ फुटून पोटात रक्त साचलेले असेल, तिथे तर चर्चेला जागाच नाही. त्या बाईचा रक्तदाब घसरत असतो आणि नळीतला गर्भ वाढून जन्माला येणे शक्य नसते.

प्राण्यांपासून बनलेल्या साहित्याबद्दलचे आक्षेप जैन, वैष्णव, मुस्लिम, ज्यू अशा अनेक घरांतून येतात आणि त्यांची दखल फारच कमी घेतली जाते. कॅटगट हा टाक्यांचा धागा मांजराचा नव्हे, मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्याचा असतो. त्याच्या जागी पॉलिग्लॅक्टिन किंवा पॉलिडायॉक्सॅनोनसारखे कृत्रिम विरघळणारे धागे आता सर्रास वापरतात. रक्त थांबवायचा जिलेटिन स्पंज सहसा डुकराच्या कातडीपासून होतो. वनस्पतिजन्य पर्याय म्हणजे ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी. हाडावर लावायच्या बोन वॅक्समध्ये मधमाश्यांचे मेण असते. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात, एनॉक्सापॅरिनही त्यापासूनच बनते. फोंडापॅरिनक्स कृत्रिम आहे, पण तो हृदय-फुप्फुस यंत्रावर हेपॅरिनची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याचा परिणाम हेपॅरिनसारखा प्रोटामिन या औषधाने उतरवता येत नाही. हृदयाच्या जैविक झडपा डुकराच्या झडपेच्या किंवा गाईगुरांच्या हृदयावरणाच्या असतात. कार्बनची यांत्रिक झडप घेतली तर रुग्णाला आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते.

यात तंत्रज्ञाचा निर्णय कुठेच नाही, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. काय वापरायचे ते सर्जन आणि रुग्ण ठरवतात. जैविक झडप ग्लुटाराल्डिहाइडमध्ये येते आणि उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठरावीक वेळ, ठरावीक सलाइनमध्ये धुणे हे स्क्रबचे काम असते. ते धुणे घाईत उरकले तर उरलेले रसायन थेट हृदयात जाते. ज्याला ती झडप हाताळायचीच नाही, त्याने हृदयशस्त्रक्रिया विभाग निवडू नये. हाडांच्या, डोळ्यांच्या, कान-नाक-घशाच्या विभागांत अशा झडपा नसतात. मात्र रुग्णाला असा आक्षेप असेल आणि तो संमतिपत्रावर नोंदलेला असेल, तर ट्रॉलीवर जिलेटिन स्पंज उघडण्याआधी तोंड उघडणे हे तंत्रज्ञाचे कर्तव्य आहे. ज्याने स्वतः या गोष्टीचा विचार केला आहे, त्याला ते चटकन सुचते. अशा माणसांची ओटीला गरज आहे.

रक्ताबाबत मात्र आम्हाला तडजोड दिसत नाही. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक स्वतःला रक्त देऊ देत नाहीत. रुग्ण म्हणून तो त्यांचा हक्क आहे. पण तंत्रज्ञ म्हणून कोणी म्हणेल की मी रक्ताची पिशवी पडताळणार नाही, तर कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेत ते निभत नाही, कारण रक्तस्राव लिस्टवर आधी लिहून येत नाही.

मेंदूमृत दात्याचे अवयव काढताना अनेक जण डगमगतात. छाती वर-खाली होत असते, हृदय चालू असते, आणि महाधमनीला चिमटा लावून थंड द्रव सोडल्यावर व्हेंटिलेटर बंद होतो, भूलतज्ज्ञ निघून जातात. इथे आधी स्वतःला विचारावे की हा धर्माचा आक्षेप आहे की धक्का. बहुतेक धर्मांत अवयवदानाला अनुकूल मते आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममधील प्रत्यारोपण परिषदेत मेंदूमृत्यूचे निकष काटेकोर पाळले तर ते स्वीकारता येतील असे म्हटले. काही ज्यू आणि मुस्लिम विद्वानांना मात्र मेंदूमृत्यू हा मृत्यू मान्य नाही, तेव्हा आक्षेप खरा असू शकतो. धक्का असेल तर उपाय वेगळा आहे. पहिल्या वेळी निरीक्षक म्हणून उभे राहावे, नंतर अनुभवी सहकाऱ्याशी बोलावे. धक्क्याला धर्माचे नाव दिले की तो कधीच ओसरत नाही.

अर्ज कसा लिहावा? 'मी धार्मिक कारणास्तव काही शस्त्रक्रियांना उपस्थित राहू शकत नाही' हा अर्ज निरुपयोगी आहे. उपयोगी अर्ज असा: 'गर्भ जिवंत असताना, स्त्रीच्या जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका नसताना, गर्भधारणा संपवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेत मी स्क्रब किंवा सर्क्युलेटिंग करणार नाही. मिस्ड, इनकम्प्लीट, सेप्टिक गर्भपात, द्राक्षगर्भ, नळीतील गर्भधारणा यांत मी सर्व कामे करीन. रुग्णाची ने-आण, शुश्रूषा, अवजारांची स्वच्छता मी सर्व केसेसमध्ये करीन. आणीबाणीत आणि पर्यायी कर्मचारी नसताना मी केस सोडणार नाही. माझ्याऐवजी जो उभा राहील त्याची तितकीच दुसरी केस मी घेईन.' खाली तारीख, सही, आणि एक प्रत स्वतःकडे. कारणमीमांसा, धर्मग्रंथातली वचने लागत नाहीत, आणि वरिष्ठांनी ती मागूही नयेत. आक्षेप असलेली केस दर वेळी त्याच एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या गळ्यात पडत नाही ना, एवढे मात्र त्यांनी पाहावे.

'आणीबाणीत सोडणार नाही' हे वाक्य ज्याला लिहिता येत नाही, त्याने रात्री एकट्याने ड्यूटी करावी लागते अशी नोकरी घेऊ नये, हे आम्ही कळकळीने सांगतो. त्याने दिवसपाळीचे, नियोजित शस्त्रक्रियांचे केंद्र शोधावे. आणि केस चालू असताना सर्जनने अनपेक्षित काही करायला घेतले, तर बदली माणूस येऊन काउंट पूर्ण होईपर्यंत जागा सोडायची नाही. निर्जंतुक ट्रॉली सोडून निघून जाणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे.

शिक्षणसंस्थांकडे एक मागणी आहे. अभ्यासक्रम पूर्ण करायला किती आणि कोणत्या केसेस लागतात, हे प्रवेशपुस्तिकेतच छापावे. अमेरिकेतल्या सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट अभ्यासक्रमात १२० केसेस लागतात, त्यांतल्या ३० सामान्य शस्त्रक्रियेच्या आणि ९० इतर विशेष शाखांमधल्या, आणि त्या शाखांची निवड करायला वाव असतो. म्हणजे ऐच्छिक गर्भपाताच्या केसला उभे न राहताही तो अभ्यासक्रम पुरा करता येतो. हे आधी कळले, तर कित्येक होतकरू मुले घाबरून मागे फिरणार नाहीत. प्रवेशाच्या अर्जासोबत आक्षेप नोंदवायचा एक स्वतंत्र कागद द्यावा, वर दिलेल्या नमुन्यासारखा, कामांची नावे छापलेला आणि प्रत्येकापुढे 'करीन' किंवा 'करणार नाही' लिहायला जागा असलेला. तो पोस्टिंग सुरू होण्यापूर्वी ओटीच्या इन्चार्ज सिस्टरच्या हाती पोहोचावा, आणि दर वर्षी विद्यार्थ्याकडून पुन्हा भरून घ्यावा.

आपल्या नम्र,
ओटी टेक्निशियन अभ्यासक्रमाच्या दोन प्रशिक्षिका